ओल्या हाताचा होकार

माझं काम भरताचं, म्हणजे वांग्याच्या भरताचं. थंडी पडली की आमच्या जळगावकडे शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, भरीत. कोणाच्या घरी पोरगा झाला, भरीत. कोणी निवडून आलं, भरीत. जो पडला त्याचंही भरीत, अजून किती लोक सोबत आहेत ते बघायला. दोन्हीकडे वांगी मीच भाजते. मला कोणी पक्ष विचारला तर मी सांगते, ज्याच्या शेतातल्या काड्या चांगल्या वाळलेल्या असतील त्याचा.

भरताला हात लागतात. आमची भरताची वांगी हिरवी, लांबोडी, कमी बियांची. शेतातच कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवायचा, त्यात वांगी टाकायची, काळी पडून मऊ झाली की गरम असतानाच सोलायची. गार झाली की साल चिकटते. मग लाकडी बत्त्यानं ठेचायची, भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालायची, आणि तेल घालताना हात आखडायचा नाही. सोबत कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही, पण खाणाऱ्याला म्हणू देते.

मालक गेले तेव्हा सुनील कडेवर होता आणि थोरली लेक शाळेत जात होती. मी केळीच्या बागेत घड वाहायला जायची. खांदा गेला तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीनं मला वांगी सोलायला सोबत नेलं. पहिल्या दिवशी बोटं भाजली, दुसऱ्या दिवशी भाजली, मग भाजायची थांबली. लोक म्हणतात, रडायला वेळ नव्हता. मला वेळ होता, पण मिरचीचे हात डोळ्याला लावता येत नव्हते.

या दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, अक्का, तुम्ही इतके आमदार जेवू घातले, आमदाराकडून काम कसं करून घ्यायचं ते सांगा. मी चौथी पास. मी बोलली, नातीनं लिहून घेतलं. तिला म्हटलं, बोलते तसंच ठेवजो, सुधारू नको.

तर आमदाराला शेतात जेवायला बोलावतात ते काही त्याला भूक लागली म्हणून नाही. गावाचं काहीतरी काम असतं. पण आमच्याकडे एक रीत आहे, पाहुण्याला ताटावर काम सांगायचं नाही. माणूस घास घेतो आहे आणि तुम्ही त्याला गटारीचं सांगता, हे शोभत नाही. मग जेवायच्या आधी सांगा, तर आधी सत्कार असतो. शाल, नारळ, टोपी. ग्रामपंचायतीचा वेगळा, सोसायटीचा वेगळा, तरुण मंडळाचा वेगळा. मग भाषणं. त्यात सगळे आमदाराला सांगतात की तुम्ही किती कामं केली. मग जेवण. मग ड्रायव्हर गाडी चालू करून उभाच असतो. म्हणजे ज्या कामासाठी बोलावलं ते सांगायला जागाच ठेवलेली नसते. मी अशा किती पार्ट्या पाहिल्या. गाडी गेल्यावर गावकरी एकमेकांना विचारतात, "काय रे भो, पाण्याच्या टाकीचं कोणी सांगितलं का?" आणि मग सगळे सरपंचाकडे बघतात आणि सरपंच माझ्या भगुण्याकडे बघतो, अजून भरीत शिल्लक आहे का म्हणून.

पण एक फट होती, आणि ती माझ्या वाट्याला आली होती. शेतात बेसिन नसतं. मोठ्या पाहुण्याचं जेवण झालं की त्याच्या हातावर तांब्यानं पाणी घालायचं काम भरीत करणाऱ्या बाईचं. ताट संपलेलं, म्हणजे रीत मोडत नाही. आणि पाणी उडतं, म्हणून पांढरे कपडेवाले कार्यकर्ते लांब सरकतात. तेलाचे हात धुवायला वेळ लागतो, तेवढा वेळ आमदार आणि मी दोघंच. जिल्ह्यातले मोठमोठे लोक ज्याच्यासाठी तासन्‌तास बाकावर बसतात ते मला तांब्यासोबत फुकट मिळत होतं.

पहिल्यांदा मी तोंड उघडलं ते आमच्या दगानानासाठी. म्हातारा एकटा, निराधारचे पैसे यायचे ते अचानक बंद. कुठंतरी कोणीतरी त्याला मेलेला दाखवला होता. नाना मला म्हणाला, "अक्का, तू पानी टाकशीन तव्हा मह्यं येक सांगजो व. मी जित्ता आहे, येवढंच सांग."

मी पाणी घालता घालता म्हटलं, "भाऊ, आमच्या दगानानाचे निराधारचे पैसे बंद झाले. तो जिवंत आहे. तुमच्या मागच्या पंगतीत बसून दुसऱ्यांदा भरीत घेऊ राह्यला."

भाऊ हसले. आम्ही आमदारांना भाऊच म्हणतो. वळून बघितलं तर नाना खरंच भाकर मोडत होता. पुढच्या महिन्यात त्याचे पैसे सुरू झाले.

झालं. गावात बोभाटा झाला की अक्काचा शब्द चालतो. मग काय विचारता, भरताच्या दिवशी माझ्या चुलीपाशी रांग. एका मास्तरला शेजारच्या मास्तरची बदली करून पाहिजे होती. एका पोराला लग्नात भाऊंनी स्टेजवर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पाहिजे होता, सासऱ्याला दाखवायला. एक जण म्हणे, बायको माहेरी जाऊन बसली, तिला सांगा आमदारांनी परत बोलावलं. मी म्हटलं, "बाप्पा, मी पानी टाकते, जादू नाई करत. तूच जाय आणि आनजो तिले." तो गेला आणि आणली. श्रेय मात्र लोकांनी मलाच दिलं.

माझं स्वतःचं एक काम होतं. वर्षानुवर्षं गरम वांगी सोलून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन मला ओळखेना. दुकानदार म्हणाला, "अक्का, मशीन म्हणतं तुम्ही तुम्ही नाहीत." मी ते भाऊंच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बघतो." काहीच झालं नाही. नंतर कळलं, ते आमदाराचं कामच नव्हतं. तहसीलच्या पुरवठा खात्यात गेली, त्यांनी डोळ्याचं मशीन लावून घ्यायला दुकानदाराला सांगितलं, दोन फेऱ्यांत मिटलं. पण तेव्हा मला तेवढा फरक कळत नव्हता. मला वाटायचं, आमदार म्हणजे सगळ्या नळांची एकच तोटी.

आता खरं सांगायचं ते.

आमची वस्ती गावापासून तुटलेली, मध्ये नाला. शाळा, एसटी, दवाखाना, सगळं पलीकडे गावात. नाल्यावर जुनी फरशी होती, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल, ती कधीच वाहून गेली, दगड राहिले. उन्हाळ्यात कोरडा नाला, बैलगाडी जाते, मोटरसायकल जाते. पावसाळ्यात वरच्या डोंगरात पाऊस पडला की इकडे ऊन असतानाच पाणी येतं. माझी लेक सातवीपर्यंतच शिकली ती याच नाल्यामुळे. दर पावसाळ्यात महिना महिना खाडा, मग नापास, मग घरी, मग लग्न. आता ती भडगावकडे दिली आहे, सुखात आहे. दवाखान्याचा कागद आला की नवऱ्याला वाचायला देते.

सुनीलची पोरगी पूनम शाळेत हुशार निघाली. ती आठवीत असताना नाल्यात एकदा वस्तीतली एक पोर दगडावरून घसरली. सुनील जवळच होता, त्यानं केसाला धरून ओढून काढली. पोर वाचली, दप्तर गेलं. त्या दिवसापासून सुनील बदलला. तो काही वाईट बाप नाही. पण घरी येऊन म्हणाला, "आई, पुढच्या पावसायात फरशी नसली तर पूनम घरी बसन. मी तिले शिकवायले तयार आहे, वाहवायले नाही." धुळ्याकडचं एक स्थळही कोणीतरी सांगून ठेवलं होतं. पोरगी चौदाची, पण सांगून ठेवणारे ठेवतातच.

मी म्हटलं, काळजी काबरं करतो, आमदाराच्या हातावर पाणी मीच घालते.

त्याच्या आधीही मी दोन हिवाळे सांगितलं होतं. भाऊ दर वेळी म्हणत, "हो अक्का, करू ना, आपलंच काम आहे." मी घरी येऊन सांगायची, भाऊ हो म्हणाले. त्या हिवाळ्यात मी ठरवलं, नुसतं सांगून होत नाही, दाखवायचं. सरपंचाला, आबांना, म्हटलं, यंदाचं भरीत आमच्या वस्तीत ठेवा. भाऊंची गाडी नाल्यातून येऊ द्या. मग कळेल.

सगळ्या वस्तीला ही युक्ती फार पटली. बायांनी अंगणं सारवली. पोरांनी नाल्यातले मोठे दगड बाजूला केले, भाऊंच्या गाडीला त्रास नको म्हणून. आबांनी वरून एक ट्रॅक्टर मुरूम टाकून दिला, तेवढाच मान. आता तुम्हाला कळलं असेल काय झालं ते. आम्हाला कोणालाच कळलं नाही. भरीत हिवाळ्यातच होतं, वांगी तेव्हाच येतात. आणि हिवाळ्यात नाला कोरडा ठणठणीत. त्यात आम्हीच रस्ता झाडून ठेवलेला. भाऊंची मोठी पांढरी गाडी सर्रकन आली. मी तांब्या घेऊन उभी राहिली आणि म्हटलं, "भाऊ, बघितला ना नाला?"

भाऊ हात चोळत म्हणाले, "बघितला ना अक्का. रस्ता तर छान आहे तुमचा."

मला पाणी घालायचं सुचेना. भाऊंनी विचारलं, "आणखी काही अडचण?" मी काही बोलायच्या आत आबा मागून म्हणाले, "भाऊ, वस्तीत अंधार फार." आणि महिन्याभरात आमच्या वस्तीत उंच खांबावरचा मोठा दिवा आला. लख्ख उजेड. आता पावसाळ्यात त्या उजेडात नाल्याचं पाणी किती चढलं ते घरात बसून दिसणार होतं.

सुनील दिव्याकडे बघून म्हणाला, "आई, अजून येक भरीत ठेव. नाल्यात टाकायले बोट देतीन."

तो चेष्टेत म्हणाला, पण मला ते लागलं. उन्हाळा लागल्यावर मी तालुक्याला भाऊंच्या कार्यालयात गेली. भाऊ नव्हते. त्यांचे पीए होते, तुषार नावाचे. चष्मा, गळ्यात दोन मोबाईल, तोंडावर झोप. लोक त्यांना घाबरतात. त्यांनी मला ओळखलं, कारण भरीत त्यांनीही खाल्लं होतं, उभ्यानं, कोपऱ्यात.

मी म्हटलं, "भाऊ दोन हिवाळे हो म्हणाले. मग होत काबरं नाही?"

तुषारभाऊ म्हणाले, "अक्का, कधी हो म्हणाले?"

"हात धुताना."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग खुर्चीत मागं टेकून हसायला लागले. "अक्का, ओल्या हातानं माणूस काय लिहून घेणार? भाऊंना दिवसभरात शंभर लोक काम सांगतात. भाऊ सगळ्यांना हो म्हणतात. जे माझ्याकडे कागदावर येतं ते काम. बाकीचं बोलणं."

"मग दगानानाचं कसं झालं?"

"तेव्हा मी मागे उभा होतो. मी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला माझा शब्द समजत होती तो याचा पेन होता. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. कुठं अडलं ते एकदाचं कळलं.

तुषारभाऊंनी चहा मागवला आणि मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. आमदार पूल बांधत नाही. आमदार पत्र देतो. त्याच्या निधीतून छोटी कामं होतात, पण त्याची मंजुरी कलेक्टर कचेरीतून येते आणि बांधतं बांधकाम खातं. त्यांना ग्रामसभेचा ठराव लागतो आणि इंजिनिअरनं काढलेला खर्चाचा अंदाज लागतो. हे नसलं तर आमदारानं कितीही पत्रं दिली तरी ती फिरून येतात. आणि निवेदन एका कामाचं एकच असावं, एका पानात. "लोक काय करतात अक्का, फरशी, दिवा, स्मशान, व्यायामशाळा, सगळं एका कागदात लिहितात. मग साहेब त्यातलं सोपं ते देतात."

मी म्हटलं, "दिवा."

"दिवा," ते म्हणाले.

कागद दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का मारून. आणि नाला दाखवायचा तर पाणी असताना दाखवायचा. "पावसाळ्यात भाऊ अधिवेशनाला मुंबईत असतात. मोबाईलवर काढून पाठवा. पण अधिवेशनाच्या आधी पाठवा. एकदा ते सुरू झालं की नवा प्रश्न आत घुसवणं अवघड."

निघताना त्यांनी विचारलं, "समोरच्यांकडे पण गेला होता का?" समोरचे म्हणजे जे पडले होते ते.

"गेली होती ना. त्यांच्या घरचं भरीत पण माझंच."

"काय म्हणाले?"

"म्हणे, निवडून आलो की करू. मी म्हटलं, निवडून न येता पण बोलता येतं ना भाऊ. तर त्यांनी पेपरात दिलं नाल्याचं."

तुषारभाऊंनी एक मोबाईल उचलला, ठेवला. "ते कात्रण आमच्या भाऊंनी मला पाठवलं होतं. हे काय आहे म्हणून. बरं केलं तुम्ही. फक्त इथं कोणाला सांगू नका की बरं केलं असं मी म्हटलं."

मग ग्रामसभा. आमच्याकडे ग्रामसभेत बाया जात नाहीत. शिपाई नंतर रजिस्टर घेऊन घरोघरी येतो आणि आम्ही भाकरी थापता थापता अंगठा देतो. यावेळी शिपाई यायच्या आत आम्ही सगळ्या जाऊन पुढच्या सतरंजीवर बसलो. आबा म्हणाले, "काय व अक्का, आज बठ्ठ्या बाया? हळदीकुंकू आहे का?"

"हो आबा. ठरावाचं."

आबांना मंदिरापुढे सभामंडप पाहिजे होता. तसे ते माणूस वाईट नाहीत, पण सभामंडपावर नाव लिहिता येतं, फरशीवर लिहिलं तर पाण्याखाली जातं. त्यांनी समजावून बघितलं. मग लताबाई, जिची पोर घसरली होती, ती उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोललेली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "आबा, मंडपात किर्तन आईकायले आम्ही कुठून येऊ? नाल्यातूनच ना?" ठराव झाला.

इंजिनिअर साहेब दोनदा आले नाहीत, तिसऱ्यांदा आले, आणि ठराव, अंदाज, एका पानाचं निवेदन असं सगळं मी भाऊंच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. पहिल्या पाण्यातच पोरींनी मोबाईलवर नाला काढला. दोर बांधून, दप्तर डोक्यावर घेऊन एक एक पोर चालली आहे, आणि पलीकडून शाळेची घंटा ऐकू येते. तो व्हिडिओ पूनमनं तुषारभाऊंना पाठवला. भाऊंनी विधानसभेत लेखी प्रश्न दिला. उत्तर आलं, प्रस्ताव मिळाला आहे, तपासणी चालू आहे. ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे हो का नाही? तुषारभाऊ म्हणाले, "नाही म्हणाले नाहीत, अक्का. सरकारी भाषेत हे बरंच पुढं आहे."

पण इकडे पाणी थांबत नव्हतं. पूनमचे खाडे वाढत चालले, ती नववीत. एका सकाळी सुनीलनं तिचं दप्तर खुंटीवर अडकवलं आणि म्हणाला, "बस आता." धुळ्याचे पाहुणे पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते. पूनम माझ्याजवळ येऊन लसूण सोलायला बसली. मी आजवर कितीदा बोटं भाजून घेतली, पण तिला लसूण सोलताना बघून जसं झालं तसं कधी झालं नव्हतं.

अधिवेशन संपून भाऊ परतले होते. मी लताबाईला घेतलं आणि कार्यालय गाठलं. गर्दी होती. आमचा नंबर आला. भाऊ टेबलामागं बसलेले, हात कोरडे.

ते म्हणाले, "अक्का, तुमचा पूल मंजुरीला पाठवला आहे. पण प्रक्रिया आहे, एक-दोन वर्षं धरा."

मी म्हटलं, "भाऊ, एका वर्षात पोर माझी सासरी जाईन. बापानं दप्तर टांगून ठेवलं."

"मग आत्ता मी काय करू, सांगा."

हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्ता माझ्या पोराला फोन लावा. पूल राहू द्या. पोरीला शाळेत जाऊ दे, एवढं तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल."

भाऊंना ते आवडलं. एवढं तर लगेच होण्यासारखं. त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. सुनील केळीत होता, मागं मोटरचा आवाज येत होता.

"सुनीलभाऊ, मी आमदार बोलतोय. पोरीची शाळा बंद करू नका. अहो, हुशार पोर आहे. पुलाचं मी करतो, माझा शब्द आहे."

पलीकडून मोटर बंद झाली. मला वाटलं, आता हा म्हणेल, हो भाऊ, तुम्ही म्हणता तर. आमच्या घरात आमदाराचा फोन कधी आला नव्हता.

सुनील म्हणाला, "भाऊ, तुमचा शब्द खरा असन. पण मही पोर शब्दावरून नाही जात. पाण्यातून जाते."

ज्यानं चहा आणला होता तो ट्रे तसाच धरून उभा राहिला. भाऊ फोनकडे बघत होते. त्यांना राग येईल म्हणून लताबाईनं माझा पदर धरला.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "अक्का, हा तुमचाच."

"हो भाऊ."

"तुषार, यांचा कागद कुठे आहे?"

तुषारभाऊंनी खाली ड्रॉवरातून नाही, समोरच्या ढिगातून, सगळ्यात वरचाच काढून दिला. त्यात ठराव होता, अंदाज होता, निवेदन एका पानाचं. काही कमी नव्हतं. भाऊंनी तिथंच त्याच्या कोपऱ्यावर शेरा लिहिला आणि मग बांधकामच्या साहेबांना फोन लावून एकच विचारलं, पक्कं होईल तेव्हा होईल, या पावसाळ्यात काय होईल ते सांगा. साहेब म्हणाले, मोठे सिमेंटचे पाईप पडलेले आहेत, ते टाकून वर मुरूम भरता येईल, पाणी ओसरू द्या. भाऊ म्हणाले, "पाणी ओसरलं की शाळेला सुट्टी लागेल. जरा कमी झालं की टाका."

संध्याकाळी सुनील घरी आला तो तोंड पाडून. "आई, तू मले आमदाराशी भांडायले लावलं."

"मी कुठी लावलं? मी तर तुले हो म्हनायले लावलं होतं."

तो जेवायला बसला. मग म्हणाला, "बोलून तर बसलो. आता पोर घरी ठेवली तर ते म्हनतीन, याले बहानाच पायजे होता." दुसऱ्या दिवशी त्यानं खुंटीवरचं दप्तर काढलं. पाईप पडेपर्यंत रोज सकाळी तो वस्तीतल्या सगळ्या पोरींना दोराला धरून पार करायचा, दप्तरं स्वतःच्या डोक्यावर, आणि संध्याकाळी काम सोडून परत न्यायला उभा. धुळ्याच्या पाहुण्यांना त्यानंच कळवलं की येऊ नका, पोर शिकू राहिली.

पाईप पडले. त्या पावसाळ्यात दोनदा मुरूम वाहून गेला, दोनदा भरला. मी त्याचा फोटो घेऊन तुषारभाऊंकडे गेली आणि सांगितलं की पोरी शाळेत जातात. ते म्हणाले, "अक्का, काम झालं हे सांगायला कोणी येत नाही." फोटो त्यांनी त्याच कागदाला टाचला. पक्क्या पुलाची मंजुरी मग त्या फोटोसकट फिरली. मध्ये कुठल्यातरी निवडणुकीची आचारसंहिता लागली, काम अडलं, पुन्हा सुरू झालं. ठेकेदारानं एकदा वाळूऐवजी मातीच टाकायला घेतली, ती लताबाईनं टोपल्यात भरून इंजिनिअर साहेबांच्या टेबलावर ठेवली. ती आता चारचौघांत बरंच बोलते.

पूल पुरा झाला तेव्हा पूनम दहावी होऊन अकरावीत गेली होती, तालुक्याच्या कॉलेजला, पलीकडून एसटीनं. उद्घाटन सकाळी ठेवलं. आबांनी मांडव टाकला, दोन्ही कठड्यांना झेंडूच्या माळा, मध्ये लाल फीत, ताटात कात्री. भाऊ दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात अडकले होते. निघाले, येतात, पोचतात, असं चाललं होतं. आम्ही सगळे पुलाच्या अलीकडे उभे, बाया नवीन लुगडी नेसून. खाली नाल्यात पाणी होतं, बऱ्यापैकी.

पूनम आणि तीन-चार पोरी गणवेशात दप्तर घेऊन फितीपाशी उभ्या. पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला.

आबा म्हणाले, "थांबा व पोरींनो, भाऊ येऊ राह्यले."

पूनमनं बापाकडे बघितलं. सुनील पुढं झाला, फीत दोन बोटांनी धरली आणि तुटू न देता वर उचलली. पोरी खालून वाकून गेल्या आणि पुलावरून धावत सुटल्या.

त्यानं फीत परत होती तशी सोडली. सरळ केली. मग भाऊ आले.